सीनेचं सांडपाणी आणि आठपट पाण्याचा हिशेब

सोलापूर पाणी पितं भीमेचं आणि सांडपाणी सोडतं सीनेकडे. शहराची तहान पूर्वी आदिला नदीवरच्या एकरुख तलावावर भागायची. पुढे टाकळीहून भीमेचं आणि नंतर उजनीचं पाणी जलवाहिनीने आलं. नळाला येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत जातं, असं ड्रेनेजच्या आराखड्यात धरतात. बाहेरून आणलेलं पाणी वाढत गेलं, तसा नाल्यांचा प्रवाहही वाढला. सीनेचा मूळ प्रवाह मात्र वाढला नाही. पावसाळा सरला की तो आटतोच.

सांडपाण्यावरच्या प्रक्रियेच्या जुन्या मानकाचा उगम इंग्लंडमधला आहे. तिथल्या रॉयल कमिशनने १९१२ मध्ये शिफारस केली की नदीत सोडायच्या पाण्यात बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २० मिलिग्रॅम आणि तरंगते कण ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतील. त्यामागे एक अट होती. नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी हवं. एप्रिलमधल्या सीनेत हे आठपट पाणी आणायचं कुठून?

सोलापुरातल्या कुमठ्याच्या १२.५ एमएलडी (दिवसाला सव्वा कोटी लिटर) क्षमतेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राएवढं सांडपाणी घेऊ. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी २५० धरला, तर दिवसाला ३,१२५ किलो ऑक्सिजनची मागणी होते. ३० अंशांच्या नदीच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे रोज ४० कोटी लिटरहून जास्त नदीचं पाणी पार निर्जीव होईल, एवढी ही मागणी. बीओडी १० वर आणला तर ती १२५ किलोवर येते.

बीओडी उतरवण्याचं हे काम केंद्रात जिवाणू करतात. ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला सिद्ध केली. सांडपाण्यात हवा सोडायची, त्यात वाढलेला जिवाणूंचा गाळ खाली बसू द्यायचा आणि तोच गाळ पुन्हा टाकीत फिरवायचा. आधी जाळीवर प्लास्टिक, चिंध्या अडतात, मग ग्रिट चेंबरमध्ये वाळू बसते. ती बसली नाही तर एरेशन टँकच्या, म्हणजे हवा सोडायच्या टाकीच्या, तळाशी साचते आणि पंपाचे इम्पेलर (आतली फिरती पाती) झिजतात. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा. ऑपरेटरचं खरं हत्यार म्हणजे एक लिटरचा काचेचा सिलिंडर. टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास ठेवायचं. टाकीत लिटरमागे गाळ ३,००० मिलिग्रॅम असताना तो ३०० मिलिलिटरपर्यंत बसला तर उत्तम. ५०० च्या वर राहिला तर गाळ फुगला आहे, बहुधा तंतुमय जिवाणू माजलेत, आणि तो क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीवरून, वाहून जाणार.

सोलापुरी उन्हाळ्यात आणखी एक दुखणं असतं. क्लॅरिफायरमध्ये गाळ जास्त वेळ राहिला की नायट्रेटमधून नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि बसलेला गाळ ढेकळांसारखा वर येतो. गाळ लवकर परत फिरवणं हाच उपाय. वीज गेल्यावर हवा सोडणारा ब्लोअर तासन्‌तास बंद राहिला तर गाळ काळा पडून कुजतो आणि तो सावरायला अनेक दिवस लागतात. जनरेटरच्या डिझेलवर काटकसर करणं म्हणजे नदीच्या जिवावर उठणं.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राने १९७४ मध्ये. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी ३० पर्यंत चालत होता. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १० ची मर्यादा धरली. कोरड्या नदीसाठी हीच योग्य आहे. इथे प्रक्रिया केलेलं पाणी म्हणजेच नदी.

एक गोष्ट मात्र हे केंद्र करू शकत नाही. १८७७ पासून गिरण्या आणि पुढे यंत्रमाग यांच्यासोबत सोलापुरात रंगाईही वाढली. टॉवेलच्या सुती धाग्याला रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग चढवताना भरपूर मीठ आणि सोडा लागतो. असं पाणी ड्रेनेजमध्ये आलं तर पीएच चढून जिवाणू मंदावतात. ॲझो गटातले कृत्रिम रंग हवेच्या टाकीत फारसे तुटत नाहीत. मीठ तर जसंच्या तसं पलीकडे निघतं आणि सीनाकाठच्या काळ्या रानात साचतं. रंग आणि मीठ डाइंगच्या आवारातच, वेगळ्या प्रक्रियेने अडवावं लागतं.