डॉ. फ्रँक जोब आणि कोपराची पुनर्रचना

अंगठ्याचे टोक करंगळीला लावून मनगट किंचित आत वळवले, तर बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध त्वचेखाली ताणलेली दोरी दिसते. ती पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा होय. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यविशारद डॉ. फ्रँक जोब यांनी नेमक्या याच कंडरेतून क्रीडावैद्यकातील एक मोठे पाऊल टाकले.

बेसबॉलचा पिचर पूर्ण वेगाने चेंडू फेकतो, तेव्हा त्याच्या कोपराची आतली बाजू उघडू पाहते आणि तो ताण तिथला अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना जोडणारा चिवट पट्टा, झेलत असतो. जुलै १९७४ मध्ये डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचा हा अस्थिबंध तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवटच मानला जाई. २५ सप्टेंबर १९७४ रोजी जोब यांनी जॉनच्या उजव्या हाताची कंडरा काढली, डाव्या कोपराच्या दोन हाडांना भोके पाडली आणि त्यांतून ती ओवून घट्ट बांधली. यशाची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले होते, आणि हा प्रांजळपणा मला त्यांच्या हस्तकौशल्याइतकाच मोलाचा वाटतो.

बसवलेल्या कंडरेत प्रथम रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, मग तिची रचना हळूहळू अस्थिबंधासारखी होत जाते. ही प्रक्रिया घाईने उरकता येत नाही, म्हणूनच आजही पिचरला मैदानावर परतायला वर्ष-दीड वर्ष लागते. जॉनच्या बाबतीत कोपरामागून जाणाऱ्या चेतातंतूला इजा झाल्याने बोटांतली ताकद गेली आणि त्याच डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण हंगाम व्यायामात गेला. १९७६ मध्ये तो परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या कारकिर्दीतील एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

एका यशावर विसंबून जोब यांनी मोठा दावा केला नाही. सोळा खेळाडूंवरील निष्कर्ष त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी दहा जण पूर्वीच्या पातळीवर परतले होते. पुढे स्नायू न तोडता, त्यांच्या तंतूंमधून वाट काढण्याची पद्धत आली आणि चेतातंतूच्या तक्रारी घटल्या.

या शस्त्रक्रियेने चेंडूचा वेग वाढतो, असा समज मात्र काही तरुण खेळाडूंत आणि पालकांत रुजला आहे, आणि तो घातक आहे. नवी कंडरा फार तर जुन्या अस्थिबंधाची जागा घेते. किशोरवयीन पिचरांच्या कोपराला खरा धोका आहे तो वर्षभर विश्रांतीविना चेंडू फेकत राहण्याचा, आणि तो टाळायला शस्त्रक्रिया लागत नाही, काही महिन्यांची सक्तीची विश्रांती लागते.