थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट नव्हे

प्लेस्टेशन, निन्टेन्डो आणि सेगाचे मूळ कंट्रोलर कसे दिसतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. घोळ त्याच्या पुढे सुरू होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुने रिमोट, चार्जर, मिक्सरची भांडी यांच्या ढिगात एखादा कंट्रोलर निघतो. त्यावर सोनी किंवा निन्टेन्डोचं नाव नसलं की विकणारा स्वतःच सांगतो, "डुप्लिकेट आहे, कमी करून देतो." शेजारीच 'सोनी' असं ठळक छापलेला दुसरा पडलेला असतो. तो 'कंपनीचा', म्हणून त्याचा भाव तिप्पट. बहुतेक वेळा खरी गोष्ट नेमकी उलटी असते. विकणाऱ्याचं सोडा, त्याचा तो धंदा. पण वर्षानुवर्षं कंट्रोलर जमवणारी माणसंही हीच भाषा बोलतात, होरी या जपानी कंपनीचा उत्तम पॅड (म्हणजे कंट्रोलरच) 'लोकल' म्हणून टाकून देतात आणि सोनीच्या ड्युअलशॉक कंट्रोलरची नक्कल काचेच्या कपाटात मांडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

कन्सोल एका कंपनीचा, आणि कंट्रोलर दुसऱ्या कंपनीने उघडपणे स्वतःच्या नावावर काढलेला, तो थर्ड पार्टी. कुणीतरी काढून मूळ कंपनीच्या नावावर खपवलेला, तो डुप्लिकेट. फरक इतकाच आहे. प्लास्टिक कसं, बटण कसं दाबलं जातं, किती वर्षं टिकला, किंमत किती, यांतलं काहीही या व्याख्येत येत नाही. थर्ड पार्टी कंट्रोलर भिकार असू शकतो, पुष्कळ होतेही. मॅड कॅट्झचे काही पॅड पाहुण्या भावंडाच्याच हातात दिले जायचे ते उगाच नव्हे. तरीही तो डुप्लिकेट ठरत नाही, कारण त्याने आपण कोण हे लपवलेलं नाही. भट्टीवाल्याने आपल्या नावाने विकलेली फेणी कितीही कडवट असली तरी फेणीच. नामांकित बाटलीत भरलेला उर्राक (काजूची पहिल्या धारेची हलकी दारू) मात्र फसवणूक, चव बरी लागली तरी.

इथे लोक हमखास कारखान्यावर घसरतात. "पण हा चीनमध्ये बनलाय!" अहो, सोनीचे खरेखुरे ड्युअलशॉक २ सुद्धा चीनमध्येच बनले आणि मागच्या लेबलवर तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. 'मेड इन चायना' पाहून कंट्रोलर खाली ठेवणाऱ्या माणसाला काही समजावण्यात अर्थ नाही, त्याला चहा पाजावा. वस्तू कुणाच्या हातून घडली हे गौण आहे. ती कुणाच्या नावावर, कुणाच्या जबाबदारीवर बाहेर पडली एवढंच पाहायचं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलसाठीचा १९८७ चा एनईएस अ‍ॅडव्हान्टेज, टेबलावर ठेवायचा तो करडा, भलामोठा जॉयस्टिक. टर्बोची चक्रं, स्लो मोशनचं बटण, एकूण दिसणं असं की बघणारा 'थर्ड पार्टी' म्हणून मोकळा होतो. बनवलाही होता दुसऱ्या कंपनीने, अ‍ॅस्कीवेअरने. पण विकला निन्टेन्डोने, निन्टेन्डोच्या नावाने. म्हणजे तो घरचाच. उलट त्याच अ‍ॅस्कीने सुपर निन्टेन्डोसाठी अ‍ॅस्कीपॅड या नावाने काढलेला पॅड थर्ड पार्टी.

परवाना असणं-नसणं हाही असाच एक फाटा, त्यावर फार वेळ घालवू नका. पाकिटावर निन्टेन्डोचा शिक्का किंवा सोनीच्या परवान्याची ओळ असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं. क्विकशॉट किंवा लॉजिक३ यांच्यासारख्या कंपन्यांचे जुने पॅड हातात आले की परवान्यापेक्षा त्यांचं बटण अजून उसळतं का ते मी आधी बघतो. आणि परवाना म्हणजे दर्जाची हमी असं ज्यांना वाटतं त्यांनी १९८९ चा मॅटेलचा पॉवर ग्लव्ह हातात घालून एक तास खेळून दाखवावा. परवाना होता, जाहिरात होती, फक्त खेळता येत नव्हतं. जमवायला मात्र झकास वस्तू.

आता ज्या खुणेकडे कुणी पाहत नाही तिच्याकडे वळू. डाव्या अंगठ्याखालचं दिशांचं बटण.

अधिक चिन्हाच्या आकाराचं हे बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी घडवलं आणि १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉच या हातात धरायच्या गेमवर ते पहिल्यांदा आलं. अमेरिकेत त्याचं पेटंट निन्टेन्डोला १९८७ मध्ये मिळालं आणि २००५ पर्यंत चाललं. त्या सगळ्या काळात इतर कंपन्यांना ते जसंच्या तसं वापरण्यात धोका होता. म्हणून सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला गोल चकतीवर उठावाचा क्रॉस दिला. सोनीने चार बाण कवचाच्या चार वेगळ्या खिडक्यांतून बाहेर काढले. आतून ते एकाच तुकड्याचे, वरून सुटे दिसतात. स्वतंत्र कंट्रोलर कंपन्यांनीही गोल थाळ्या केल्या, चकत्या केल्या, काहींनी तर खेळताना अंगठा सोलून निघेल असले प्रकार केले. निन्टेन्डोच्या परवान्याने काम करणाऱ्या होरीसारख्या कंपन्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडे क्रॉस दिसला तर दचकू नका.

आता बाजारातला माणूस काय करतो ते पाहा. विचित्र चकतीचा पॅड दिसला की तो म्हणतो, "कॉपी केलीय, पण नीट जमलेली नाही." वास्तविक ती चकती म्हणजे कॉपी टाळल्याचा पुरावा आहे. ज्याला स्वतःच्या नावाने धंदा करायचा होता त्याला वकिलाची नोटीस येण्याची भीती होती, म्हणून त्याने आकार बदलला. ज्याच्या पॅडवर नाव नाही, पत्ता नाही, त्याला नोटीस पाठवणार कुठे? म्हणून नकली पॅडवर क्रॉस अगदी तंतोतंत सापडतो, कधी कधी मूळच्यापेक्षा चकचकीत. नव्वदच्या दशकातला अनोळखी पॅड हातात आला, क्रॉस हुबेहूब आहे आणि बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, तर मी सावध होतो. बटण वेडंवाकडं आहे आणि मागे कुठल्याशा कंपनीचं नाव साच्यातच उठवलेलं आहे, तर मी पैसे काढतो.

नाव साच्यात उठवलेलं आहे की नुसतं स्टिकरवर, हेही पाहत जा. स्टिकर आमच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सुटतो आणि मग थर्ड पार्टीही बेवारस दिसू लागतो. गोव्यातल्या घरांतून निघणाऱ्या मालात हे फार. तारवट्यांनी (आमच्या खलाशांनी) बोटीवरून आणलेले, कुवेत-दुबईहून आलेले, नंतर इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या नातेवाइकांच्या बॅगांतून उतरलेले पॅड. खोकं केव्हाच रद्दीत गेलेलं, स्टिकर गळलेला. अशा वेळी मागचे स्क्रू काढून आतला सर्किट बोर्ड बघायचा. कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव पुष्कळदा तिथे छापलेलं असतं.

बोर्ड उघडल्यावर आणखी एक लोककथा समोर येते. मूळ एनईएसच्या पॅडमध्ये पाय असलेली, वर नंबर छापलेली ४०२१ ही चिप असते. नकली पॅडमध्ये तिच्या जागी काळ्या राळेचा गोळा. हे बरोबर. पण त्यावरून 'काळा गोळा दिसला की नकली' असा नियम करू नका. स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपन्यांनीही खर्च वाचवायला तोच गोळा वापरला आहे. गोळा स्वस्ताई दाखवतो, ओळख नाही.

डुप्लिकेट ओळखायची वेळ सगळ्यात जास्त येते ती ड्युअलशॉक २ च्या बाबतीत, कारण आपल्याकडे प्लेस्टेशन २ घरोघरी होता आणि त्याचे नकली पॅडही तितकेच. लेबलवर 'एससीपीएच-१००१०' हा खरा मॉडेल नंबर असतो, पण तो नकलीवरही छापतात, त्यामुळे नुसता नंबर वाचून हुरळू नका. खऱ्याची बटणं किती जोराने दाबली ते कन्सोलला कळवतात. चार चिन्हांची बटणं, दिशांची बटणं आणि वरची एल-आर सुद्धा. ग्रॅन टुरिस्मो ३ लावा आणि फुलीच्या चिन्हाचं (×) बटण हळूच, मग जोरात दाबा. गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत गेला तर ठीक. बोट टेकताच पूर्ण वेग मिळाला, तर सोनीचं नाव खोटं असण्याचीच शक्यता अधिक. हातात धरून हादरेही बघा: खऱ्यात दोन मोटरी वेगळ्या आकाराच्या असतात, डावीकडची जड. नकलीत बऱ्याचदा दोन्हीकडे सारखीच बारीक घरघर.

ही दाबाची परीक्षा सोनीचं नाव मिरवणाऱ्या पॅडसाठीच आहे, हे कृपा करून लक्षात ठेवा. लॉजिक३ किंवा पेलिकनच्या पॅडला ही परीक्षा लावून 'नकली निघाला' म्हणणाऱ्यांनी माझं बरंच रक्त आटवलं आहे. त्याने सोनी असल्याचा दावा केलाच कुठे होता? शिवाय खरा ड्युअलशॉक २ जुना झाला की आतली पातळ फिल्म बोर्डवर नीट टेकत नाही. बटणं मुकी होतात किंवा आपोआप दाबली जातात. म्हणजे खरा बंद आणि शेजारचा नकली ठणठणीत, हे चित्र अगदी नेहमीचं. 'चालतो म्हणजे ओरिजिनल' हे वाक्य त्यामुळे निरर्थक आहे. फिल्मच्या मागे पातळ फोमचा तुकडा सारला की खरा पुष्कळदा पुन्हा उठतो.

एक प्रकार या दोन्ही खणांत बसत नाही, तो टर्मिनेटरसारख्या क्लोन (नक्कल केलेल्या) कन्सोलबरोबर आलेला पॅड. आतून तो फॅमिकॉमचाच (एनईएसच्या जपानी रूपाचा) भाऊ, बाहेरून सेगाच्या वळणाचा, टोकाला नऊ छिद्रांचा प्लग. लोक त्याला 'सेगाचा थर्ड पार्टी' म्हणून विकतात आणि घेणारा तो मेगा ड्राइव्हला लावतो. लावू नका. प्लग तोच असला तरी तारांची मांडणी वेगळी आहे आणि पाच व्होल्टची तार भलत्याच पिनेवर येते. मेगा ड्राइव्हच्या पॅडला प्रत्येक दिशेची स्वतंत्र तार लागते, शिवाय बटणांच्या, विजेच्या आणि बटणांचे गट बदलणारी एक. अशा नऊच्या नऊ पिना कामाला येतात. क्लोनचा पॅड आठही बटणांची खबर एकाच तारेवरून एकामागून एक पाठवतो, त्याचं पाच तारांत भागतं. पॅड उघडून तारा मोजल्या की वाद संपतो. माझ्या मते टर्मिनेटरचा पॅड हा टर्मिनेटरचा 'ओरिजिनल' आहे आणि त्याला तसंच नोंदवावं. हे ऐकून काही जण चिडतात. चिडोत.

काय घ्यावं याबद्दल विचाराल, तर माझा कल उघडपणे थर्ड पार्टीकडे आहे. निन्टेन्डोच्या एन६४ कन्सोलसाठी होरीचा मिनी पॅड मिळाला तर सोडू नका. मूळ पॅडची दांडी आतल्या प्लास्टिकवर घासून पांढरी भुकटी होते आणि ढिली पडते. होरीची हाताला लहान, नेमकी. निन्टेन्डोच्याच गेमक्यूब कन्सोलसाठी होरीनेच सुपर निन्टेन्डोच्या धाटणीचा डिजिटल पॅड काढला होता. गेम बॉय प्लेअरवर (गेम बॉयचे गेम गेमक्यूबवर चालवणाऱ्या जोडउपकरणावर) खेळायला त्याच्यासारखा दुसरा नाही आणि हे विकणाऱ्यांनाही कळून चुकलंय. सध्या रेट्रो-बिट सेगाच्या परवान्याने जे पॅड काढते ते दिसायला जुन्यासारखे असले तरी थर्ड पार्टीच, आणि चांगले. नाव नसलेले स्वस्त यूएसबी 'सुपर निन्टेन्डो' पॅड मात्र मी फुकटही घेत नाही. तिरकी दिशा दाबली की सरळ जातात.

दोन हजारच्या दशकातले रबरी लेप दिलेले थर्ड पार्टी पॅड घेताना हात लावूनच घ्या. आपल्या हवेतल्या ओलाव्याने तो लेप फुटतो आणि पॅड गुळासारखा चिकट होतो. बरेच जण तो 'खराब झाला' म्हणून टाकतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुनं फडकं घेऊन बसा, लेप पूर्ण निघतो आणि खाली साधं, स्वच्छ प्लास्टिक मिळतं. छापलेली अक्षरं त्याबरोबर जातात, म्हणून पुसण्याआधी फोटो काढा. मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जूनच्या आधी त्या पुड्या बदला.