'काहिको' या शब्दाआड झाकलेली वेदी

हुला हे हवाई बेटांचं नृत्य. त्याची परंपरा पाळणाऱ्या हालाऊत, म्हणजे नृत्यशाळेत, शिष्य थेट आत शिरत नाही. दाराबाहेर उभं राहून प्रवेशाची परवानगी मागणारं ओली, म्हणजे नृत्याशिवायचं पठण, म्हणायचं आणि आतून कुमूचं, म्हणजे गुरूचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं. श्वास मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. हुला जपणारा गुरू नेमकं काय जपतो, ते या दाराशीच कळतं.

१८२० मध्ये मिशनरी आले आणि १८३० मध्ये कारभार पाहणाऱ्या राणीने सार्वजनिक हुलावर बंदी घातली. दोन वर्षांत ती वारली आणि बंदी ढिली पडली. १८५९ च्या कायद्याने पैसे घेऊन होणाऱ्या हुलासाठी परवाना सक्तीचा केला, एका प्रयोगाला १० डॉलर. पुढे १८८३ मध्ये राजाने आपल्या राज्याभिषेकात उघडपणे हुला करवला, तेव्हा कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खरा घाव मात्र १८९६ चा. शाळा इंग्रजीत चालवण्याचा कायदा आला आणि पुढच्या पिढ्या अर्थ न कळताच 'मेले', म्हणजे हुलाची गीतं, पाठ करू लागल्या. पाठांतराच्या जोरावरच कितीतरी रचना तगल्या, हेही मान्य करायला हवं.

आज सगळा गोंधळ होतो तो 'काहिको' या शब्दापाशी. त्याचा साधा अर्थ 'जुना'. १९६० च्या त्सुनामीने मोडलेल्या हिलो शहरात पर्यटक यावेत म्हणून १९६४ मध्ये एक उत्सव सुरू झाला. १९७१ पासून त्यात हुलाची स्पर्धा आली, १९७६ पासून पुरुषांचे संघही. स्पर्धा म्हटली की गट पाडावे लागतात. पठण आणि तालवाद्यांवरचा तो काहिको, गिटार-युकुलेलेच्या गाण्यावरचा तो आउआना, अशी वाटणी १९७० च्या दशकात घट्ट झाली. पण १८८० च्या दशकात जुनं-नवं सांधून घडलेला हुला कुई कुठे बसवायचा? आणि काल रचलेलं मेले इपू हेकेच्या, म्हणजे जोडभोपळ्याच्या, ठेक्यावर नाचलं तर ते 'जुनं' कसं? काहिको ही शैली आहे, वय नव्हे, असं उत्तर दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. पूर्वीचा महत्त्वाचा भेद वेगळाच होता: कुआहूपुढे, म्हणजे हुलाची देवी लाका हिच्या वेदीपुढे, व्रत धरून शिकलेला हुला आणि करमणुकीचा हुला. रंगमंचावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि परीक्षकांच्या गुणपत्रिकेला वेदी मोजता येत नाही.

त्या व्रताचे नियम बारीक होते. तालमीच्या काळात केस-नखं कापायची नाहीत. लीपेएपेए हे समुद्री शेवाळ खायचं नाही, कारण 'पेए' म्हणजे लपणं. ते खाल्लं तर विद्या शिष्यापासून लपून बसेल. वेदीवर लामा नावाच्या झाडाच्या लाकडाचा ठोकळा पिवळ्या कापात (सालीच्या वस्त्रात) गुंडाळून ठेवत, तीच लाका. शेवटी आइलोलो, बळी दिलेल्या डुकराचा मेंदू प्रसाद म्हणून खाण्याचा विधी, आणि मग ऊनिकी, म्हणजे शिक्षण पुरं झाल्याचा सोहळा. त्यातून कोणी नर्तक म्हणून बाहेर पडे, कोणी पठण-वादन करणारा, कोणी कुमू. ऊनिकीचे नियम प्रत्येक घराण्यात निराळे, त्यामुळे कुमू कोणाला म्हणावं हा वाद आजही धुमसतो.

१९७८ मध्ये हवाईयन ही हवाई राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये फक्त हवाईयनमध्ये चालणारी पहिली बालवाडी निघाली आणि मेलेचा अर्थ कळणारे शिष्य पुन्हा येऊ लागले. २०१९ मध्ये माउना केआ या पवित्र पर्वतावर बांधायच्या दुर्बिणीला विरोध झाला तेव्हा रस्त्यावरच ठरल्या वेळी रोज ओली आणि हुला होत. २०२१ मध्ये बऱ्याच कुमूंनी एकत्र येऊन हुलाच्या रक्षणाचं जाहीर निवेदन काढलं.

दरम्यान आणखी एक संकट उभं राहिलंय. वेदीला आणि गजऱ्यांना लागणारी लेहुआची फुलं ज्या ओहिआ झाडाला येतात, ती झाडं बुरशीने मरू लागली. २०१६ च्या उत्सवात ओहिआ वापरू नका, असं नर्तकांना सांगावं लागलं. आता रानात शिरताना परवानगीचं ओली म्हणायच्या आधी बुटांचे तळ घासून त्यांवर अल्कोहोल फवारावं लागतं.