टीडीसीएस आणि आरटीएमएस: दोन्ही ‘शॉक’ नव्हेत, आणि एकसारखेही नाहीत

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, पण हाकेला ओ देत नाही. अशा वेळी जाणीव वाढावी म्हणून सुचवले जाणारे टीडीसीएस (डोक्यावरून मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह देणं) आणि आरटीएमएस (मेंदूला चुंबकीय ठोके देणं) या दोन उपचारांची नावं नातेवाइकांच्या कानावर एका दमात पडतात आणि दोन्हींचा अर्थ ‘डोक्याला शॉक’ असा लावला जातो. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात. इथे भूल नाही, आणि आकडी येऊ नये म्हणूनच जपायचं असतं.

टीडीसीएसमध्ये सलाईनमध्ये भिजवलेले दोन स्पंज असतात, साधारण ५ बाय ७ सेंटिमीटरचे. धन स्पंज डाव्या कपाळाच्या वर, ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत आलेखाच्या) खुणांपैकी एफ३ या जागी बसतो. ऋण स्पंज उजव्या भुवईच्या वर. २ मिलिअँपिअर, २० मिनिटं. एवढ्याशा प्रवाहाने मेंदूतली पेशी संदेश सोडत नाही. येणाऱ्या संदेशाला दाद देणं तिला थोडं सोपं होतं, इतकंच. म्हणून मेंदूतलं जाळं काही प्रमाणात शाबूत असेल तरच आशा. बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने २०१४ साली ५५ रुग्णांवर एकेक सत्र करून पाहिलं. किमान जाणीव असलेल्या ३० पैकी १३ जणांत जाणिवेच्या नव्या खुणा दिसल्या, वनस्पतिवत अवस्थेतल्या (डोळे उघडे, पण जाणिवेची खूण नाही अशा) २५ पैकी फक्त २ जणांत. परिणामही थोडा वेळच टिकतो.

चुका साध्याच होतात. स्पंज सुकला की त्वचा भाजते, आणि रुग्ण सांगू शकत नाही. फार ओला असेल तर पाणी ओघळून प्रवाह टाळूवरूनच पसार होतो. कवटीचं हाड काढलेलं असेल तर प्रवाहाची वाट बदलते, नेहमीच्या जागा उपयोगाच्या राहत नाहीत.

आरटीएमएस मात्र पेशीला थेट पेटवतं. इंग्रजी आठच्या आकाराच्या कॉइलमधून चुंबकीय ठोके बसतात; हालचालीच्या भागावर ठोका दिला की अंगठा उडतो. तो दहापैकी पाचदा उडेल अशा शक्तीवरून मात्रा ठरते. या रुग्णांत मेंदूकडून हाताकडे जाणारी वाटच तुटलेली असू शकते, मग अंगठा उडत नाही. म्हणून शक्ती वाढवत नेणं धोक्याचं: आकडी येऊ शकते. डोक्यात पाणी साठू नये म्हणून बसवलेल्या शंटचा (पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा) व्हॉल्व्ह चुंबकाने जुळवायचा असेल, तर ठोक्यांनी त्याची सेटिंग बदलू शकते. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर नकोच. ठोक्यांचा आवाज मोठा असतो. रुग्णाच्या कानात बोळे घालायलाच हवेत. आणि हालचालीच्या भागावर २० हर्ट्‌झने केलेल्या नियंत्रित चाचण्यांत खोट्या (नुसत्या दिखाव्याच्या) उपचारापेक्षा ठळक फायदा दिसलेला नाही.

दोन्हींच्या आधी निदान पक्कं हवं. सीआरएस-आर ही जाणिवेची पातळी मोजणारी २३ गुणांची तपासणी दोन आठवड्यांत किमान पाचदा करावी. गुंगी आणणाऱ्या औषधाच्या डोसनंतर लगेच केली तर गुण फसवे येतात.