कामावर परतलेला वैमानिक घरी इतका कमी का असतो?

अमेरिकेतील विमान कंपनीने कपातीत घरी बसवलेल्या वैमानिकाला परत बोलावले की त्याची नोकरी त्याला मिळते. पण पूर्वीचे विमान, पूर्वीचा तळ (काम जिथून सुरू होते तो विमानतळ) आणि पूर्वीच्या सुट्ट्या मिळतीलच याची शाश्वती नसते. महिन्यातल्या कितीतरी रात्री तो हॉटेलात किंवा तळाजवळच्या भाड्याच्या खाटेवर काढतो. यामागे विमान चालवण्याच्या कामापेक्षा सेवाज्येष्ठतेच्या यादीचा वाटा मोठा आहे.

१९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने वैमानिकांची संघटना उभी राहिली. त्या काळी खराब हवामानात उड्डाणाला नकार देणाऱ्याची नोकरी सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. सरकारी कामगार मंडळाच्या १९३४ च्या ‘निर्णय ८३’ने महिन्याला ८५ तास उड्डाणाची मर्यादा आणि वेतनाचे सूत्र दिले, आणि पुढच्या दशकातील करारांतून ज्येष्ठतेची पद्धत रुजली. नेमणुकीच्या तारखेवरून प्रत्येकाला एक क्रमांक मिळू लागला आणि विमानाचा प्रकार, तळ, कॅप्टनपद, वेळापत्रक, रजा असे सारे काही त्या क्रमांकावरून ठरू लागले. कपात यादीच्या शेवटच्या नावापासून वर होते आणि परत बोलावताना हाच क्रम उलटतो. मर्जीला वाव न ठेवणारी ही पद्धत मला आजही न्याय्य वाटते. मात्र हा क्रमांक त्या एकाच कंपनीत चालतो. वीस वर्षे उडवलेल्या कॅप्टनची कंपनी बुडाली, तर दुसरीकडे तो सर्वांत कनिष्ठ को-पायलट म्हणून रुजू होतो.

मार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवत होते तोवर मोठ्या कंपन्या सहसा बुडत नसत, त्यामुळे ही उणीव फारशी जाणवली नाही. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी हे सरकारी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि चित्र पालटले. मे १९८२ मध्ये ब्रॅनिफ ही कंपनी बंद पडली, जानेवारी १९९१ मध्ये ईस्टर्न आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅन ॲम. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रवासी घटले, हजारो वैमानिक घरी गेले आणि युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट या कंपन्या एकापाठोपाठ एक दिवाळखोरीच्या न्यायालयात पोहोचल्या. त्यात डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले. निवृत्तीला आलेल्यांची आणखी पाच वर्षांची सोय झाली, पण वरच्या जागा रिकाम्या होण्याची वाट पाहणाऱ्यांची प्रतीक्षा लांबली. २००८ च्या मंदीत तर एकदा परत आलेल्या काहींना दुसऱ्यांदा घरी पाठवण्यात आले.

मधल्या काळात कोणी मालवाहू विमाने उडवली, कोणी आखाती किंवा आशियाई कंपन्यांत गेले, कोणी व्यवसायच बदलला. बोलावणे आले की ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागते, नाहीतर हक्क जाऊ शकतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, वर्गातील प्रशिक्षण आणि सिम्युलेटरमधील परीक्षा पार पडते. तळ मात्र उरलेल्यांतून निवडायचा असतो, आणि महागड्या न्यूयॉर्कसारख्या शहरात कनिष्ठांचीच वर्णी लागते. पुन्हा कपात झाली किंवा तळच बंद झाला तर काय, या भीतीने कुटुंब हलवण्याचे धाडस बहुतेकांना होत नाही. त्यामुळे काम सुरू होण्याआधी घरापासून तळापर्यंतचा विमानप्रवास स्वतःच्या वेळेत, रिकाम्या आसनाच्या किंवा कॉकपिटमधल्या जंपसीटच्या (जादा आसनाच्या) भरवशावर करावा लागतो. विमान भरलेले असले, तर मुलाच्या वाढदिवसाला पोहोचणेही हुकते.

कनिष्ठ वैमानिक बहुधा ‘रिझर्व्ह’वर असतो. त्याला ठरलेल्या फेऱ्या नसतात. फोन जवळ ठेवायचा आणि बोलावणे आले की दोनेक तासांत विमानतळावर हजर व्हायचे. दूरच्या गावातून हे शक्य नसल्याने ‘क्रॅश पॅड’ची सोय निर्माण झाली. विमानतळालगतच्या घरात एकेका खोलीत दुमजली खाटा लावलेल्या असतात आणि भाडे महिन्याचे असते. जास्त पैसे देणाऱ्याची खाट कायमची त्याची. कमी देणाऱ्याने त्या रात्री रिकामी असेल ती खाट घ्यायची, स्वतःची चादर अंथरायची आणि सकाळी गुंडाळून पिशवीत भरायची. दाराबाहेर चाकांच्या बॅगांची रांग असते आणि पहाटे तीनला उठणारा अंधारातच गणवेश चढवतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्यू गार्डन्स या वस्तीला विमान कर्मचाऱ्यांच्या गर्दीमुळे ‘क्रू गार्डन्स’ हे टोपणनावच पडले. लॉस एंजेलिस विमानतळाच्या वाहनतळावर तर वैमानिक आणि मेकॅनिक यांची फिरत्या घरांची वसाहतच उभी राहिली होती.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या राहणीकडे देशाचे लक्ष गेले. को-पायलट आदल्या रात्री सिअॅटलहून देश ओलांडून नेवार्कच्या तळावर आली होती, आणि कॅप्टनने विमानतळावरील कर्मचारी-कक्षातच विश्रांती घेतली होती. अपघाताचे कारण विमानाचा वेग घटल्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरले; थकव्याचा वाटा किती, यावर तपास मंडळातच मतभेद झाले. तरीही त्यानंतरच्या कायद्यातून जानेवारी २०१४ पासून नवे नियम लागू झाले आणि कामाआधी १० तासांची विश्रांती व त्यात सलग ८ तास झोपेची संधी बंधनकारक झाली. घरापासून तळापर्यंतचा प्रवास मात्र कामाच्या तासांत धरला गेला नाही. थकलेल्या वैमानिकाने आपण उड्डाणास योग्य नाही हे स्वतःहून सांगावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. पगाराच्या चिंतेत परतलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे सोपे नाही.

कोविडच्या साथीतील २०२० ची गोष्ट काहीशी वेगळी ठरली. सरकारी मदतीची मुदत संपताच १ ऑक्टोबरला अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे १९,००० आणि युनायटेडने सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांना घरी पाठवले; अमेरिकनच्या कपातीत वैमानिकही होते. डिसेंबरअखेरच्या नव्या मदतीने त्यांना परत आणले. अनेक ज्येष्ठांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली होती आणि प्रवासीही लवकर परतले, त्यामुळे यादी झपाट्याने वर सरकली. रिझर्व्हमधून ठरलेल्या फेऱ्यांवर जायला २००१ च्या तुकडीला जेवढी वर्षे लागली, तेवढी या तुकडीतील अनेकांना लागली नाहीत.