हिटलरला बायकांनी निवडून दिलं का? आणि हे मोजायचं कसं?

हिटलरबद्दलच्या दोन समजुती वारंवार कानांवर येतात. पहिली अशी की पावासाठी हातगाडीभर नोटा मोजायला लावणाऱ्या महागाईनं त्याला सत्तेवर आणलं. दुसरी अशी की जर्मन बायका त्याच्यावर भाळल्या आणि त्यांच्या मतांवर तो निवडून आला. पुरावा म्हणून गर्दीत हात उंचावून रडणाऱ्या बायकांची छायाचित्रं फिरतात. पहिली समजूत नुसत्या तारखा पाहिल्या तरी टिकत नाही. दुसरी तपासायला मात्र संख्याशास्त्राला बराच घाम गाळावा लागला.

भाव आकाशाला भिडले ते 1923 साली. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि भाव थांबले. डिसेंबर 1924 च्या निवडणुकीत नाझींच्या यादीला 3 टक्के मतं मिळाली, मे 1928 मध्ये 2.6. उडी आली ती पुढे: सप्टेंबर 1930 मध्ये 18.3 टक्के आणि जुलै 1932 मध्ये 37.3. या काळात भाव वाढत नव्हते, घसरत होते.

सप्टेंबर 1929 मध्ये नोंदलेले बेकार सुमारे 13 लाख होते. 1932 च्या सुरुवातीला ते 60 लाखांवर गेले. चॅन्सेलर हाइनरिश ब्रूनिंग राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालवत होते. 8 डिसेंबर 1931 च्या वटहुकमानं मजुरी जानेवारी 1927 च्या पातळीवर खाली आणली, भाव आणि घरभाडीही उतरवली. कर वाढले, भत्ते कापले गेले. पगार उतरला तसा पावही स्वस्त झाला, मग तक्रार कसली, असं वाटू शकतं. पण कर्ज उतरत नाही. शंभर अंडी विकून हप्ता भरणाऱ्या घराला अंड्याचा भाव निम्मा झाला की दोनशे अंडी विकावी लागतात, आणि कोंबड्या असतात तेवढ्याच. शेतकरी, दुकानदार, कारागीर असे रुतत गेले. जिथे कपातीचा चटका जास्त बसला तिथे नाझींची मतंही जास्त वाढली, असं 2021 मध्ये ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक हिस्टरी’त आलेल्या एका अभ्यासात दिसलं. हिटलरच्या कुंडलीतला राजयोग उलगडून दाखवणारे ज्योतिषी आपल्याकडे भेटतात. ग्रहांचा इथे काहीएक संबंध नाही. 1928 ते 1932 या चार वर्षांत बदलले ते पगार, भत्ते आणि हप्त्यांचं ओझं.

बायकांवर या मंदीचा वेगळाच राग निघाला. नवराही कमावतो आणि बायकोही, अशा घरांना ‘डॉपेलफरडीनर’, म्हणजे दुहेरी कमावणारे, असं हिणवलं जाऊ लागलं. बायकांची मजुरी कमी असल्यानं काही कारखान्यांत पुरुष घरी बसले आणि बायका कामावर राहिल्या, त्यामुळे आग आणखी भडकली. वायमार राज्यघटनेच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेच्या, 128 व्या कलमानं सरकारी नोकरीतल्या स्त्रियांविरुद्धचे भेदभावाचे नियम रद्द केले होते. तरीही 30 मे 1932 च्या कायद्यानं, ज्यांच्या पोटापाण्याची सोय आहे अशा विवाहित स्त्री कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढायची मुभा दिली. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा आठ महिने अवकाश होता. नाझींनी हाच धागा पुढे ओढला. 1 जून 1933 च्या कायद्यानं लग्नासाठी 1000 मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळू लागलं. अट अशी की वधूनं नोकरी सोडायची. पैसे रोख नव्हते, फर्निचर आणि घरसामानाची कुपनं होती, आणि तीही नवऱ्याच्या हाती. दरमहा एक टक्का फेडायचा. मूल झालं की पाव कर्ज माफ.

मग अशा पक्षाला बायकांनी मतं का द्यावीत, आणि मुळात दिली का?

जर्मन स्त्रियांना मताचा हक्क 12 नोव्हेंबर 1918 च्या घोषणेनं मिळाला आणि 19 जानेवारी 1919 ला त्यांनी पहिल्यांदा देशव्यापी मतदान केलं. मतदान गुप्त. आजच्यासारखी नमुना पाहणी तेव्हा जर्मनीत नव्हती. हाती राहतात ते प्रत्येक गावाचे दोन आकडे: मतदारांत बायका किती आणि नाझींना मतं किती. जिथे बायका जास्त तिथे नाझी जास्त, असं दिसलं म्हणजे बायकांनी नाझींना मत दिलं, असा निष्कर्ष पटकन काढावासा वाटतो. तो चुकीचा आहे.

या चुकीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं तेच मुळी बायकांच्या मतांमुळे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात स्त्रियांना 1912 मध्ये मताधिकार मिळाला. विल्यम ऑगबर्न आणि आयनेझ गोल्ट्रा यांनी पोर्टलंड शहरातल्या मतदानाचा अभ्यास करून 1919 मध्ये बजावलं की विभागांच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या मताबद्दल बोलणं धोक्याचं आहे. 1950 मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेतून याचं लख्ख उदाहरण दिलं. राज्यवार पाहिलं तर परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी (सहसंबंध उणे 0.53). माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्त (अधिक 0.12). चिन्हच उलटलं, कारण स्थलांतरित लोक साक्षर राज्यांमध्ये जाऊन राहत होते.

तरी आकड्यांतून काहीच मिळत नाही असं नाही. एक काल्पनिक गाव घेऊ: 1000 मतं, त्यात 540 बायकांची, 460 पुरुषांची, आणि पक्षाला 300. ही सगळी 300 मतं पुरुषांची असू शकतात, म्हणजे बायकांमधलं प्रमाण शून्य. किंवा सगळी बायकांची, म्हणजे 300 भागिले 540, 55.6 टक्के. खरं उत्तर 0 ते 55.6 मध्ये कुठेतरी. एवढ्या रुंद पट्ट्याचा उपयोग नाही. आता दुसरं गाव: 1000 मतदारांत 950 कॅथलिक, 50 प्रॉटेस्टंट, पक्षाला 200 मतं. पन्नासच्या पन्नास प्रॉटेस्टंटांनी पक्षाला मत दिलं तरी 150 मतं कॅथलिकांचीच असणार, म्हणजे किमान 15.8 टक्के, आणि जास्तीत जास्त 200 भागिले 950, म्हणजे 21.1. पट्टा एकदम अरुंद झाला. ही ‘मर्यादांची पद्धत’ 1953 मध्ये डंकन आणि डेव्हिस यांनी मांडली.

दोन गावांत फरक कशानं पडला? जर्मनीत सोळाव्या शतकापासून ‘राजाचा तोच प्रजेचा पंथ’ असं चालल्यानं अख्खी गावं एकाच पंथाची असत. म्हणून पंथाचा हिशेब लागतो. पण बायका सगळीकडे निम्म्याच्या आसपास. 1953 मध्येच लिओ गुडमन यांनी सुचवलेली सरळ रेषेची पद्धतही इथेच कोलमडते. आडव्या अक्षावर बायकांची टक्केवारी, उभ्यावर पक्षाची. ठिपक्यांतून रेषा काढायची आणि ती 0 आणि 100 पर्यंत लांबवायची. ती 100 ला जिथे पोचेल तो बायकांमधला पाठिंबा, 0 ला पोचेल तो पुरुषांमधला. समजा बायकांचं प्रमाण गावोगाव 50 ते 56 एवढंच हलतं. सहा टक्क्यांच्या तुकड्यावर काढलेली रेषा शंभर टक्क्यांपर्यंत ओढली की चूक जवळजवळ सतरा पट होते. दुसऱ्याच एखाद्या कारणानं, समजा गाव कॅथलिक आहे म्हणून, रेषेच्या एका टोकाला मतांत एक टक्क्याचा फरक पडला, तर बायका आणि पुरुष यांच्यातलं अंतर सतरा टक्क्यांनी चुकतं. इथे कितीही मोठा संगणक लावला तरी उपयोग नाही. माहितीतच जे नाही ते गणितानं येत नाही.

सुदैवानं वायमार काळात काही ठिकाणी स्त्री-पुरुषांची मतं वेगवेगळी मोजली जात. त्या मोजण्यांवरून असं दिसतं की 1930 पर्यंत बायका नाझींपासून पुरुषांपेक्षा जास्त लांब होत्या. कोलोनमध्ये 1930 साली हे अंतर चार-एक टक्क्यांचं होतं. मार्च 1933 मध्ये ते एखाद्या टक्क्यावर आलं. 1932 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत हिटलरचे प्रतिस्पर्धी हिंडेनबुर्ग यांना पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आघाडी होती. कम्युनिस्टांना बायकांची मतं स्पष्टपणे कमी, कॅथलिकांच्या झेंट्रुम पक्षाला भरपूर. उलट काही प्रॉटेस्टंट गावांत 1932 पर्यंत बायका पुरुषांच्या पुढे गेल्या होत्या. थोडक्यात, मत कुठे जाणार हे बाई की पुरुष यापेक्षा पंथ कोणता यावर कितीतरी जास्त ठरत होतं. पण कोलोन हे कॅथलिक शहर. वेगळी मोजणी करणारी गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. त्यांचा आकडा सगळ्या जर्मनीला लावला तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडायचं. आणि बायकांना मोकळं सोडण्याचाही हा पुरावा नाही: पहिल्या महायुद्धात सुमारे वीस लाख पुरुष मेल्यानं मतदारांत बायका जास्त होत्या, म्हणून प्रमाण पुरुषांएवढं झालं की नाझींची निम्मी मतं बायकांचीच होतात.

धंद्यानुसार मतं शोधणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागली. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये गावोगावच्या आकड्यांवर मर्यादा आणि रेषा या दोन्ही कल्पना एकत्र वापरल्या. बेकार किंवा बेकारीच्या छायेतले लोक कम्युनिस्टांकडे वळले. नाझींकडे वळले ते हालात असूनही नोकरी जाण्याची भीती नसलेले: छोटे दुकानदार, स्वतःचा धंदा करणारे, घरगडी-मोलकरणी आणि घरच्या शेतावर किंवा दुकानात बिनपगारी राबणारे नातेवाईक. या शेवटच्या गटात बायका आणि मुली बहुसंख्य. तरी ‘या बायकांनीच नाझींना मत दिलं’ असं यावरून म्हणता येत नाही. हा आकडा गटाचा आहे.

महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेनंतर ‘लाडक्या बहिणींनी निकाल फिरवला’ हे वाक्य दूरचित्रवाणीवर अनेकदा ऐकू आलं. आपल्याकडे फॉर्म 20 या निकालपत्रकात प्रत्येक केंद्राची उमेदवारनिहाय मतं मिळतात, आणि किती बायकांनी मतदान केलं हे वेगळं नोंदलेलं असतं. बायकांचं मत कुणाला गेलं, हे मात्र कुठेच नसतं. ते मतदारांना थेट विचारणाऱ्या पाहणीतूनच कळेल, आणि तिथेही नमुना कसा निवडला हे आधी पाहायला हवं.

जर्मनीतली अशी वेगळी मोजणी ज्यातून काही शिकता येतं, ती शेवटची 5 मार्च 1933 ची. 14 जुलै 1933 च्या कायद्यानं नाझींखेरीज सगळे पक्ष बेकायदा ठरले. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एकच यादी होती.