फीचं नंतर बघू, आधी बारावीची मार्कशीट

"सर, बी.एस्सी.ला 71 टक्के आहेत. हवाई दलात पायलटचा फॉर्म भरता येईल ना?"

हा प्रश्न आमच्या क्लासमध्ये दर आठवड्याला येतो आणि आमचं उत्तर ठरलेलं आहे: बारावीची मार्कशीट आणा. काही पालकांना ते मनाला लागतं. पोरगा पदवीधर झाला, आता बारावी कशाला उकरता, म्हणतात. आम्ही नाही उकरली तर हवाई दल उकरणार आहे.

एएफकॅट म्हणजे हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा. तिच्यातून फ्लाइंग, म्हणजे पायलटच्या शाखेत जायचं असेल तर बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्ही हवेत, आणि प्रत्येकात किमान 50 टक्के. दोन्हींची सरासरी नाही, एकूण टक्केवारीही नाही. घोळ होतो तो इथेच. आपल्या बोर्डात 35 ला पास, त्यामुळे गणितातल्या 43 गुणांचं घरात कुणाला काही वाटत नाही. बायो आणि मराठीने एकूण आकडा 68 वर नेलेला असतो. पुढे पदवीला कितीही मिळवा, ते 43 तसेच राहतात. सीईटीचा स्कोअरही त्यांच्या जागी चालत नाही.

पूर्वी आम्हीही विचारत नव्हतो. एका मुलाने आमच्याकडे चार महिने तयारी केली, लेखी पास झाला, मुलाखतीच्या केंद्रावर गेला आणि मूळ कागद तपासताना परत आला. फॉर्ममध्ये त्याने एकूण टक्के पाहून "हो" भरलं होतं. चूक त्याची, पण फी आम्ही घेतली होती. तेव्हापासून मार्कशीट पाहिल्याशिवाय पावती फाडत नाही.

"पेपरात तर फिजिक्स नाहीच!" खरं आहे. इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित आणि रीझनिंग एवढंच असतं. पण पेपर वेगळा आणि पात्रता वेगळी. उलट गंमत अशी की बारावीला पीसीएम नीट झालेलं असेल आणि नंतर बी.ए. केलं असेल तरी फ्लाइंगला अर्ज करता येतो. पदवी कुठल्याही शाखेची चालते, फक्त किमान तीन वर्षांची आणि 60 टक्क्यांची हवी. बी.ए.वाले हे ऐकून खुर्चीत सरळ बसतात.

पीसीबी किंवा कॉमर्सवाल्यांनी लगेच निराश होऊ नये. ॲडमिनिस्ट्रेशन आणि लॉजिस्टिक्सला बारावीचं गणित-फिजिक्स लागत नाही, कुठल्याही विषयातली 60 टक्क्यांची पदवी पुरते. अकाउंट्सला बी.कॉम. चालतं. एज्युकेशन शाखेला पदवीला 60 आणि वर एम.ए., एम.एस्सी.सारखी पदव्युत्तर पदवी 50 टक्क्यांनी हवी. टेक्निकलला मात्र इंजिनिअरिंगची पदवी आणि बारावीची तीच 50-50 ची अट. ही सगळी अधिकारी पदं आहेत. अग्निवीरवायू ही अधिकाऱ्यांखालच्या पदांची वेगळी भरती आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, पण आतापर्यंतचे 60 टक्के हवेत आणि एकही एटीकेटी शिल्लक नको. सीजीपीए असेल तर मनाने दहाने गुणू नका. विद्यापीठाचं सूत्र वापरा आणि त्याचं पत्र आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळी ते मिळत नाही.

मुलगा किंवा मुलगी अजून दहावीत असेल तर पालकांनी अकरावीचे विषय भरण्याआधी एकदा भेटून जावं. एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायलाही बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, आणि मुलींनाही आता खडकवासल्याचा दरवाजा उघडा आहे. गणित सोडून बायो घेतलं की तो मार्ग तिथेच संपतो.

मार्कशीट पाहून कुठली शाखा बसते ते सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. बसत नसेल तर तसं तोंडावर सांगतो, त्यामुळे आमच्या बॅचेस लहान असतात. बसत असेल तर बॅच एएफकॅटच्या जाहिरातीआधी सुरू होते. जाहिरात साधारण जून आणि डिसेंबरमध्ये येते. येताना दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मूळ मार्कशीट आणा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर पूर्ण पानाचा फोटो काढा. एकूण टक्क्यांचा कोपरा कापून पाठवतात, त्यात विषयवार गुणच दिसत नाहीत.